तुझा आकडा माझ्यापेक्षा मोठा

१२ जून २०२१

एका औषध कंपनीने दिलेली ही डायरी गेल्या वर्षीची आहे. गेलं वर्ष कोरंच राहिलं, कारण लॅबमध्ये नमुन्यांचे ढीग आणि घरी आल्यावर दारातच अंघोळ, एवढंच चाललं होतं. आता छापील तारखा खोडून नव्या घालतो आहे. आज जे कळलं ते घरात बोलता येत नाही आणि लॅबमध्ये बोलायचं नाही. निदान लिहावं तरी.

शहागंजातल्या आमच्या लॅबमध्ये या महिन्यापासून अँटिबॉडी तपासायला सुरुवात केली. कोरोनाची लस घेतल्यावर रक्तात लढायची तयारी किती झाली, ते मशीन आकड्यात सांगतं. शून्य पूर्णांक आठच्या वर आला की तयारी आहे म्हणायचं. मग कुणाचा शंभर येतो, कुणाचा हजार. पहिल्या दिवशी आम्ही सगळ्यांनी आपापलंच रक्त लावलं आणि दहावीच्या निकालासारखी गंमत झाली. माझ्या हाताखालची टेक्निशियन अदीबा पहिली आली. तिचा पंचवीसशेच्या वर, म्हणजे मशीनला पुढे मोजताच येईना. तिला दिवाळीत कोरोना होऊन गेला होता आणि वर दोन डोस. मला गेल्या सप्टेंबरात झाला होता, माझा एकोणीसशे बारा. लॅबच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "नाचू नका. सैन्य किती आहे तेवढंच हा आकडा सांगतो. उद्या विषाणूनं सोंग बदललं तर हे सैन्य त्याला ओळखेल का, ते सांगत नाही." आम्ही माना डोलावल्या आणि पुन्हा आकडे सांगत बसलो.

माझ्या बायकोचं, रत्नमालाचं रक्त मी गुरुवारी घरीच काढलं होतं. आज लावलं. मशीननं लिहिलं: शून्य पूर्णांक चारपेक्षा कमी. म्हणजे काहीच नाही. पुन्हा लावलं, तिसऱ्यांदा लावलं. तेच आलं.

कारण मला ठाऊक आहे. सात वर्षांपूर्वी तिला तिच्या आईची, केसरबाईंची किडनी बसवली. शरीरानं ती परकी म्हणून झिडकारू नये यासाठी रत्नमाला रोज ज्या गोळ्या घेते, त्या शरीराची लढायची सवयच मोडतात. लस दोन्ही वेळा टोचली, पण आत कुणी जागंच झालं नाही.

गेल्या वर्षीच्या मार्चपासून ती मागच्या खोलीत आहे. पंधरा महिने. मला कोरोना झाला तेव्हा मी वीस दिवस लॅबच्या वरच्या खोलीत काढले, पण तिच्यापर्यंत येऊ दिला नाही. उद्या ती आकडा विचारणार. लॅबमधल्या सत्तावीस वर्षांत मी एकही आकडा खोटा सांगितलेला नाही. एका सोयऱ्यानं मुलीचं लग्न ठरतंय म्हणून तिची साखर कमी लिहायला सांगितली, तर मी त्याच्याकडे जेवायला जाणं सोडलं. रिपोर्टवर सही करताना मी नाव बघत नाही, कारण नाव बघितलं की मन हलतं. वय, बाई की पुरुष, आणि आकडा, एवढंच बघतो. उद्या मात्र नाव समोर बसलेलं असेल.

१३ जून

सांगितलं. खोटं सांगितलं.

ती गोळ्यांच्या डबीचे कप्पे भरत होती. केस धुतलेले, इस्त्रीची साडी, निकालाला निघालेल्या पोरीसारखी तयार. मी "थोडा कमी आहे" असं म्हणायचं ठरवून आलो होतो.

"आला का माझा आकडा?"

"आला. दोन हजार तीनशे चाळीस."

हा आकडा कुठून आला ते मलाही माहीत नाही. तोंडातून निघाला आणि निघाल्यावर बरं वाटलं.

"अन् तुमचा?"

"एकोणीसशे बारा."

"म्हंजी माझा तुमच्यापेक्षा मोठा?"

"व्हय."

ती हसली. "डॉक्टर तर फोनवर म्हणले होते, गोळ्यांनी तुमचा लई कमी येईल म्हणून."

"डॉक्टरनं बघितलं का रक्त? मी बघितलं."

"कागद आणला नाय?"

"घरच्या तपासणीचा कागद काढत नसतेत."

"बरं," म्हणाली आणि कप्पे भरायला लागली. तिची एक जाड फाईल आहे. आजार सुरू झाला तेव्हापासूनचा प्रत्येक कागद तिनं तारखेप्रमाणे लावलेला. आजवर एकही कागद आणायला मी चुकलो नाही. पण उगीच खोटा छापायला हात धजावला नाही, तोंडी काय ते निभावलं.

का बोललो? मे महिन्यात एकदा ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली होती, "मरायचं नाय म्हणून जगायचं, यवढंच चाललंय माझं." ते मनातून जात नव्हतं. तिला जरा मोकळं फिरू द्यायचं, गर्दीपासून मी लांब ठेवीन, असा हिशेब आहे.

२० जून

पंधरा महिन्यांनी रत्नमाला छावणीच्या बाजारात आली. आमच्या घरापासून चालत दहा मिनिटं, पण मुंबई बघितल्यासारखी बघत होती. भाजीवाल्याशी दहा मिनिटं घासाघीस केली आणि शेवटी घेतली एकच कोथिंबिरीची जुडी. बांगडीवालीनं "ताई, वाटलं तुम्ही गाव सोडलं" म्हटलं, तर डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मी डबल मास्क लावायला लावले होते. घरी येऊन दोघांनी चहा घेतला. ती पुढच्या खोलीत, खुर्चीत बसून प्याली. माझ्या खोट्यानं कुणाचं वाईट झालेलं दिसत नाही.

२९ जून

आज छावणीच्या कलेक्शन सेंटरवरून एक नमुना आला. तिथं चांदपाशा रक्त घेतो. त्यानं चिठ्ठीवर लिहिलं होतं, नस सापडेना, लहान मुलांच्या सुईनं घेतलं. बाई, वय ४६. अँटिबॉडी शून्य पूर्णांक चारपेक्षा कमी. आमच्या रिवाजाप्रमाणे पुन्हा लावला. तोच.

म्हणजे या शहरात आणखी एक आहे, रत्नमालाच्याच वयाची. तिच्याही नसा सुयांनी गेलेल्या असणार. तिला घरी कोण सांगेल, कसं सांगेल, ते मनात आलं. वाटलं नाव बघावं. नाही बघितलं. सवय मोडली की संपलं. सही केली आणि गठ्ठ्यात टाकला.

घरी येऊन रत्नमालाला सांगितलं, नाव-गाव न घेता, की एका बाईचा शून्य आला आज. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मग कळलं का तुमाला कोन ती?" म्हटलं, मी कुठं नाव बघतो. "बरं करता," म्हणाली. भाकरी करपली तिची, तेवढं खरं.

१५ ऑगस्ट

बायकांचं मला कळत नाही. एवढा मोठा आकडा सांगितला, तर ही सुरुवातीचे दहा-बारा दिवस सोडले तर पुन्हा जपून वागते. दुकानात शिरत नाही, बाहेरूनच मागते. शेजारीण दारात आली की दोन हात लांब उभी राहते. फिरायचं तर पहाटे, मैदानावर, कुणी नसताना. मी चिडवतो, "दोन हजार तीनशे चाळीसवाली बाई एवढी भित्री?" ती म्हणते, "मोठा हाय म्हणून उधळायचा का?" माझ्या दृष्टीनं उत्तमच. खोटंही टिकलं आणि तीही सांभाळून आहे.

पण मनानं मोकळी झालीय. मागच्या खोलीत आता फक्त झोपायला जाते. मैदानावर एका कुत्रीला बिस्किटं घालते, तिला पिल्लं झाली त्याचं रोज सविस्तर वर्णन ऐकतो. पूर्वी रोज विचारायची, किती दिवस असं, हे कधी संपणार. आता विचारत नाही.

मला येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्या-मसाल्याच्या पिठाची आमटी शिकवायचं तिनं डोक्यात घेतलंय. तीनदा करवून घेतली. पहिल्यांदा गुठळ्या, दुसऱ्यांदा पाणी, आज जमली. विचारलं, मी शिकून काय करू. म्हणाली, "रिटायर झाल्यावर मला बसवून खाऊ घाला."

२२ ऑक्टोबर

किडनीच्या डॉक्टरांचा फोन आला होता. म्हणाले, हिच्यासारख्यांना बाहेरच्या देशांत तिसरा डोस देतात, दोनदा जागं झालं नाही ते तिसऱ्यांदा थोडं तरी होतं. आपल्याकडे अजून परवानगी नाही. मी लसीकरणाच्या केंद्रावर जाऊन विचारलं. नर्स चांगली होती बिचारी. कॉम्प्युटर माझ्याकडे फिरवून दाखवला, म्हणाली, "काका, रकानाच नाही."

घरी हे बोलताना रत्नमाला ऐकत होती. म्हणाली, "मला कशाला तिसरा? माझा तर तुमच्यापेक्षा मोठा हाय." मी म्हटलं, असू दे, मिळाला तर बरा. "व्हय," म्हणाली, "मिळाला तर बरा." विषय संपला. आता या खोट्याला रोज सांभाळून चालावं लागतं, तेवढा त्रास होतो.

२१ डिसेंबर

केसरबाई पैठणला न्हाणीत पडल्या. खुबा मोडला, ऑपरेशन झालं, घरी आणलंय. वय अडुसष्ट, किडनी एकच, कारण दुसरी माझ्या घरात आहे. त्यांच्याजवळ सून आहे, पण ती दिवसभर शेतात.

"मी जाते," रत्नमाला म्हणाली.

मी म्हटलं, एसटीचा संप आहे, काळी-पिवळी जीपमध्ये माणसं कोंबतात, तू नको, मी दोन दिवस रजा काढतो.

"आईला न्हाऊ घालायला तुमी जाणार?"

"मग बाई लावू."

"तिनं मला किडनी दिली. मी तिला न्हाऊ पण घालू नको?" मग म्हणाली, "अन् का नको? माझा आकडा हाय ना तुमच्यापेक्षा मोठा?"

माझ्याकडे सरळ बघत होती. काहीतरी विचारल्यासारखे डोळे होते. आईच्या काळजीनं असतील. आता सांगावं, असं अगदी ओठापर्यंत आलं. मी खाली वाकून चपलेचा पट्टा लावला.

"हाय," मी म्हणालो.

"मग झालं."

पिशवी भरली तिनं. जीपमध्ये खिडकीची जागा मिळावी म्हणून तासभर आधी जाऊन उभा राहणार आहे मी. दुसरं काय करू शकतो.

६ जानेवारी २०२२

रत्नमाला परत आली. चौदा-पंधरा दिवस आईला न्हाऊ घातलं, वेणी घातली, काठी धरून अंगणात चालवलं. चेहरा उजळलाय. नाथसागराच्या कडेला लांबून आलेले पांढरे पक्षी बघितले म्हणाली. केसरबाईंनी शेंगदाण्याची चटणी पाठवलीय, आणि निरोप: माझी किडनी नीट वापरतीस का म्हणून. ती हे तीनदा सांगून हसली.

तिची रोज तब्येत विचारतो आहे. ताप नाही, खोकला नाही. सुटलो म्हणायचं.

१५ जानेवारी

लॅबमध्ये पुन्हा रीघ. ओमायक्रॉन म्हणून नवा प्रकार आलाय. दोन डोस घेतलेले, आधी होऊन गेलेले, सगळे सापडतायत. मंगळवारी मी आणि अदीबानं तिसरा डोस घेतला, आरोग्यवाल्यांना सुरू झाला म्हणून. परवा अदीबाच पॉझिटिव्ह निघाली. तिचा तो न मोजता येणारा आकडा, तरी निघाली. नुसता घसा आणि अंगदुखी, तिसऱ्या दिवशी फोनवर खिदळतेय. मॅडम म्हणाल्या, "सोंग बदलेल म्हटलं होतं ना? सैन्य आत मोठं काही होऊ देत नाही, पण दारातून आत यायला त्याला कोण अडवतंय." आदल्या दिवशी आम्ही एकाच डब्यात जेवलो होतो, पण मला काही नाही.

आज घसा जरा खवखवतोय, तो कालच्या तिळगुळाचा. संक्रांतीला मी सात-आठ तरी खाल्ले. तपासणीची किटं समोर पडलेली असतात, पण बाहेर माणसं रांगेत उभी असताना स्वतःवर एक कशाला वाया घालवायचं. एकोणीसशे बारा होताच, वर तिसरा डोस. मला काय होतंय.

रत्नमालानं सुंठीचा काढा करून आणला. तोंडाला मास्क लावून. स्वतःच्या घरात मास्क. मला क्षणभर वाटलं, असू दे. पण असू दे म्हटलं असतं तर तिनं विचारलं असतं, का म्हणून. आणि सात महिने ते वाक्य इतक्यांदा म्हटलंय की जिभेवरच बसलेलं असतं. म्हटलं, "अगं, तू कशाला भितीस? तुझा आकडा माझ्यापेक्षा मोठा."

ती थोडा वेळ दारातच उभी राहिली. मग मास्क काढला, घडी घालून खिडकीत ठेवला आणि शेजारी येऊन बसली. काढा संपेपर्यंत कपाळ चेपत होती. "लई गरम नाय," म्हणाली. बरं वाटलं मला.

१८ जानेवारी

माझा घसा बरा. रत्नमालाला ताप. एकशे एक.

१९ जानेवारी

पॉझिटिव्ह. मीच स्वॅब घेतला, मीच लावला. दुपारी ॲडमिट केलं.

डॉक्टरांनी विचारलं, लस? दोन. अँटिबॉडी बघितली होती का? मी म्हणालो, "शून्य." पहिल्यांदा मोठ्यानं म्हणालो. रत्नमाला चार हात लांब स्ट्रेचरवर होती. तिनं ऐकलं असेल का, ते चेहऱ्यावरून कळलं नाही. डोळे मिटलेले होते.

त्या जीपनं घात केला. चौदा माणसं कोंबलेली. मी जाऊ दिलं, कारण मी खोटं बोललो होतो. तिला वाटलं आपल्याला काही होत नाही, आणि ती गेली.

२४ जानेवारी

ऑक्सिजन वाढवलाय. आत सोडत नाहीत, फोनवर बोलू देतात. आवाज मास्कच्या आतून येतो. म्हणाली, "तुमचा घसा बरा हाय ना?" म्हटलं, माझं काय घेऊन बसलीस. "आमटी केली का?" केली म्हटलं. नव्हती केली. "येसर कमी टाका," म्हणाली. मी म्हणालो, रत्ना, मला तुला एक सांगायचं आहे. तर म्हणाली, "घरी आल्यावर सांगा." दम लागत होता. फोन नर्सनं घेतला.

२७ जानेवारी

आज फोन झाला नाही.

३० जानेवारी

सकाळी सव्वाअकराला रत्नमाला गेली.

१२ फेब्रुवारी

काल तेरावा झाला. केसरबाईंना पैठणहून खुर्चीसकट उचलून आणलं. जाताना त्यांनी मला जवळ बोलावलं.

"जावईबापू, माझ्यापायी गेली व्हय ती. मी पडले नसते तर आली नसती."

मलाही तसंच वाटत होतं, फक्त त्यात माझा वाटा आहे हे त्यांना माहीत नाही. त्या स्वतःच्या कमरेवर, किडनी काढल्याच्या शिवणीवर हात ठेवून म्हणाल्या, "माझं पण जळालं की तिच्यासंगं." मी त्यांच्या पाया पडलो. खोटं बोलल्याचं त्यांना सांगायची हिंमत झाली नाही.

अदीबा आली होती. रडली. तिचा आकडा पुन्हा मशीनच्या बाहेर गेलाय म्हणे.

३ मार्च

आज रत्नमालाची फाईल काढली. हॉस्पिटलचे कागद त्यात लावायचे होते. तिला अर्धवट फाईल चालली नसती. मागून पुढे तारखा बघत जागा शोधत होतो. जून २०२१ च्या जागी एक कागद होता, जो मी आणलेला नव्हता.

आमच्याच लॅबचा रिपोर्ट. तारीख २९ जून. केसरबाई बन्सी नवले, स्त्री, वय ४६. अँटिबॉडी शून्य पूर्णांक चारपेक्षा कमी. खाली माझी सही.

नाव आईचं, वय तिचं. केसरबाई अडुसष्टच्या आहेत. शहरात दुसरी कुणी नव्हती.

छावणीच्या सेंटरवर गेलो. चांदपाशा मला बघूनच उठून उभा राहिला. "भाभी आले ते, साहेब. बोले, केसरबाई लिव. मी म्हणलो, ये तो आपकी अम्मी का नाम. बोले, तू लिव. रिपोर्ट साहेबांच्या हाताखालनं जाणार, माझं नाव दिसलं तर त्यांना लई लागंल. मला कसम घातली साहेब, नाय तर मी सांगितलं असतं." त्याला म्हटलं, तुझं काही चुकलं नाही. तो रडायला लागला, मग मीच त्याला पाणी दिलं.

घरी येऊन आधी हलकं वाटलं, हे इथं लिहून ठेवतो. ती माझ्यावर विसंबून पैठणला गेली नव्हती. सगळं माहीत असून गेली, आईला न्हाऊ घालायला. शेजारणीपासून दोन हात लांब राहणं, पहाटेचं मैदान, दुकानाबाहेरून मागणं, सगळ्याचा अर्थ लागला. माझं खोटं तिला दोन आठवड्यांतच कळलं होतं. कागद आणला नाही, तेव्हाच तिला शंका आली असणार. आणि स्वतःपेक्षा मोठा आकडा सांगायचा मूर्खपणा मी केला होता. चपलेचा पट्टा लावत होतो तेव्हा ती मला बोलायची संधी देत होती. मी घेतली नाही.

मग ही डायरी पहिल्यापासून वाचली. मी आकड्यांचा माणूस, दिवस मोजले. पैठणहून आली सहाला. ताप अठराला. बारा दिवस. ओमायक्रॉन दोन-तीन दिवसांत दिसतो, हे लॅबमधल्या झाडूवालीलाही पाठ आहे. मी तर जानेवारीत रोज लोकांना तेच सांगत होतो. पैठणला काही नव्हतं. जीपमध्ये काही नव्हतं.

अदीबा निघाली तेराला. माझा घसा पंधराला.

वीस वेळा ते पान वाचलं. ती मास्क लावून काढा घेऊन आली होती. आपल्यात शून्य आहे हे तिला माहीत होतं, आणि माझा घसा कशाचा असेल हेही तिला माझ्याआधी कळलं होतं. मास्क तसाच ठेवायचा तर तिला म्हणावं लागलं असतं, तुम्ही खोटं बोललात. सत्तावीस वर्षांत एकही आकडा खोटा सांगितला नाही म्हणून मिरवणाऱ्या नवऱ्याला हे तोंडावर म्हणणं तिला जमलं नाही. मलाही तिनं मास्क काढू नये असंच वाटत होतं. दोघांनाही वाटत होतं. आणि मी म्हणालो, तुझा आकडा माझ्यापेक्षा मोठा.

ती दारात किती वेळ उभी होती, ते आठवून बघतो आहे. मी तेव्हा "थोडा वेळ" लिहिलंय. त्या वेळात मी काहीही म्हणू शकत होतो.

हॉस्पिटलचे कागद तारखेप्रमाणे लावले. शेवटी मृत्यूचा दाखला लावला. केसरबाई नवले नावाच्या रिपोर्टवर पेननं नाव खोडून खरं नाव लिहिलं, आणि बाजूला पुन्हा सही केली. या वेळी नाव बघून केली.

उद्या पैठणला जातो आहे. संप अजून आहे, काळी-पिवळीनं जाईन. केसरबाईंना सांगायचं आहे की त्यांच्या पडण्यानं काही झालं नाही. त्या विचारतील, मग कुठनं आला, जावईबापू? माझ्याकडनं आला, असं म्हणायचं आहे. स्वयंपाकघरात उभा राहून दोनदा मोठ्यानं म्हणून बघितलं.